७२०पी की १०८०आय?

७२०पी आणि १०८०आय हे टीव्हीच्या एचडी प्रक्षेपणाचे दोन प्रकार. १०८०आय प्रक्षेपणात १९२० गुणिले १०८० बिंदूंचे (पिक्सेलचे) चित्र मिळते खरे, पण ते एकसंध येत नाही; आधी विषम क्रमांकाच्या ५४० ओळी आणि सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा साठाव्या भागानंतर सम क्रमांकाच्या ५४० ओळी, अशा दोन हप्त्यांत ते पोहोचते. तेवढ्या वेळात, समजा, सामन्यातला चेंडू पुढे सरकलेला असल्याने त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटू शकतात. ७२०पीमध्ये बिंदू १२८० गुणिले ७२० एवढेच, म्हणजे निम्म्याहूनही कमी, तरी प्रत्येक चौकट (फ्रेम) एकाच वेळी पूर्ण येते. म्हणून खेळांसाठी मी तेच निवडेन. निसर्गपटातल्या स्थिर पानाच्या शिरा मात्र १०८०आयमध्येच अधिक रेखीव दिसतात, अर्थात वाहिनीने बिटरेटमध्ये, म्हणजे दर सेकंदाला पाठवायच्या माहितीच्या प्रमाणात, काटकसर केली नसेल तर.