नाथसागर की गौताळा : आधी महिना पाहावा, मग ठिकाण

छत्रपती संभाजीनगरहून एका दिवसात जाऊन परतता येईल अशी वन्यजीव पाहण्याची दोन ठिकाणे म्हणजे पैठणचे जायकवाडी पक्षी अभयारण्य आणि कन्नडजवळचे गौताळा औट्रमघाट अभयारण्य. दोन्ही १९८६ मध्ये घोषित झाली, पण एकाला जे हवामान मानवते ते दुसऱ्याला मानवत नाही. आणि रिकाम्या हाताने परतणाऱ्यांचे बहुधा ठिकाण चुकलेले नसते, महिना किंवा वेळ चुकलेली असते.

नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, हिवाळ्यात पाहावा. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात येथे असतात. मात्र थंडीइतकीच पाण्याची पातळीही महत्त्वाची आहे. जलाशय पसरट आणि उथळ असल्यामुळे धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी काठावरची दलदल पाण्याखाली जाते आणि पक्षी दूरवर विखुरतात. पाणी ओसरून गाळपेराच्या जमिनी उघड्या पडू लागल्या, की शेकाट्यासारखे चिखलात चरणारे पक्षी काठाशी दिसू लागतात आणि नशिबात असेल तर रोहित (फ्लेमिंगो) पक्षीही. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी डिसेंबरची घाई न करता फेब्रुवारीची वाट पाहावी, असे माझे मत आहे.

येथे सकाळ आणि संध्याकाळ सारखी नव्हे. गोदावरी पूर्वेकडे वाहते, त्यामुळे पैठणचे धरण जलाशयाच्या पूर्व टोकाला आणि पाणी पश्चिमेकडे पसरलेले आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि चक्रवाकाचा नारिंगी रंग उजळून दिसतो. चारनंतर तोच सूर्य डोळ्यांवर येतो आणि समोर उरतात त्या काळ्या आकृत्या. दुपार तर टाळावीच. एकदा निवांत न्याहारी उरकून साडेअकराला काठावर पोहोचलो, तेव्हा दुर्बिणीतून दिसले ते थरथरणाऱ्या हवेतले ठिपके. त्यांना बदके म्हणायचे ते केवळ विश्वासावर. दाट धुके असेल तर ते विरेपर्यंत थांबावे, आणि वारा सुटून लाटा उठल्या असतील तर उघडे पाणी सोडून आडोशाच्या खाडीकडे वळावे.

गौताळ्याचे गणित नेमके उलटे आहे. हे पानगळीचे जंगल असल्यामुळे मार्च-एप्रिलपर्यंत झाडे निष्पर्ण होऊन नजर लांबवर पोहोचते, ओढे आटतात आणि प्राण्यांना मोजक्या पाणवठ्यांवर यावेच लागते. नीलगाय, रानडुक्कर किंवा वानरांचा कळप पाहायचा तर उन्हे कलल्यानंतरची वेळ उत्तम, फक्त परतीची वेळ नाक्यावर आधी विचारून घ्यावी. हिवाळ्यात मात्र पहाटेची घाई व्यर्थ ठरते. वानरे ऊन आल्यावरच खडकावर येऊन पोट सूर्याकडे करून बसतात. बिबट्या दिसण्याच्या भरवशावर जाऊ नये. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघही येथे दिसला तो ट्रॅप कॅमेऱ्याला.

उन्हाळी बेतातला खरा धोका अवकाळी पावसाचा आहे. एक जोरदार सर पडली तरी ठिकठिकाणी डबकी साचतात, पाणवठ्यावर यायचे कारणच उरत नाही आणि पुढचे काही दिवस तेथे ताटकळणे व्यर्थ ठरते. अशा वेळी आठवडाभर बेत पुढे ढकलावा.

सोबत वृद्ध किंवा लहान मुले असतील तर चाळिशीचा पारा झेलून गौताळ्यात बसण्यापेक्षा थंडीतला नाथसागर निवडावा. एकटे असाल आणि दोन तास न बोलता बसण्याची तयारी असेल, तर एप्रिलचे गौताळा.

पावसाळ्यात दोन्हीकडे निराशा होते: नाथसागरावर पाहुणे पक्षी नसतात आणि गौताळा हिरवेगार व धबधब्यांनी देखणे असले तरी प्राणी झाडोऱ्यात दडतात. त्या दिवसांत बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्याकडे वळावे आणि ढगाळ सकाळ निवडावी. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हा बेत लांबवू नये, कारण पावसाळा सरता सरता मोरांचा पिसारा गळून पडतो आणि मग पिसाऱ्याशिवायचा मोर पाहून मुले हिरमुसतात.