हॉटेल की होमस्टे? होस्ट ऐनवेळी रद्द करू शकतो, हे धरून केलेला हिशेब

गोव्यात आणि कोकणात गेले बरेच महिने दोन्ही प्रकार आलटूनपालटून वापरल्यावर बनलेलं मत आधीच सांगते. तारीख हलणार नसेल, म्हणजे लग्न, परीक्षा, विमान असेल, तर हॉटेल. मागेपुढे चालणार असेल तर घर. स्वयंपाकघर, अंगण, माणशी खर्च हे सगळं त्यानंतर.

पैसे बुडण्याची भीती फारशी नसते. होस्टने, म्हणजे घर देणाऱ्याने, रद्द केलं तर एअरबीएनबी (अशी घरं बुक करायचं ॲप) पूर्ण पैसे परत करतं. अडचण अशी, की तोवर तेवढ्या पैशांत तसं घर मिळत नाही. समजा, आसगावातलं दोन बेडरूमचं घर सप्टेंबरात रात्रीला ६,००० रुपयांनी, २८ डिसेंबरपासून चार रात्रींसाठी घेतलं. झाले २४,०००. डिसेंबरच्या मध्यावर तशाच घराचा भाव ११,००० झाला. आता होस्टने १० दिवस आधी रद्द केलं, तर त्याला एअरबीएनबीचा २५ टक्के दंड, म्हणजे ६,०००. (३० दिवसांहून आधी रद्द केलं तर १० टक्के, शेवटच्या ४८ तासांत ५० टक्के.) त्या तारखा ॲपवरच्या कॅलेंडरवर ब्लॉकही होतात, म्हणजे तिथे पुन्हा देता येत नाहीत. पण तेच घर ओळखीतून व्हॉट्सॲपवर ४४,०००ला गेलं, की दंड भरूनही १४,००० वर. अगदी आदल्या दिवशी रद्द केलं तरी ८,००० सुटतात. सगळे होस्ट असं करत नाहीत, पण गणित त्यांच्या बाजूचं आहे. ३० दिवसांच्या आत रद्द झालं तर कंपनी दुसरं घर शोधायला मदत करते, तीही उपलब्धता असेल तर. ३१ डिसेंबरला हणजूण-वागातोरला काय शिल्लक असणार!

जुलैत हेच गणित उलटं फिरतं. भाव पडलेले, गिऱ्हाईक कमी, रद्द करून होस्टला काहीच मिळत नाही. तेव्हा बेधडक घर घ्यावं. फक्त इन्व्हर्टर किती तास चालतो ते विचारून.

एक मेसेज ओळखून ठेवा: ‘सर, पाइपलाइन फुटलीय, तुम्ही तुमच्याकडून कॅन्सल करा, मी पैसे लगेच जीपे करतो.’ अजिबात करू नका. तुम्ही बटण दाबलंत की रद्द करणारे तुम्ही ठरता: तुमच्या बुकिंगची कापाकापी लागू होते आणि होस्टचा दंड वाचतो. ‘रद्द करायचं तर तुमच्या बाजूने करा’ एवढंच उत्तर द्यायचं, तेही ॲपच्या चॅटमध्येच.

घर निवडताना एअरबीएनबीचा सुपरहोस्ट हा बिल्ला उपयोगी पडतो, कारण त्यासाठी रद्द करण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आत लागतं आणि दर तीन महिन्यांनी तपासणी होते. फोटोंपेक्षा मी त्याला जास्त किंमत देते. नुकतंच लागलेलं, एकही रिव्ह्यू नसलेलं स्वस्त घर सीझनला टाळा. गोव्यात पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांकही मागावा. पर्यटकांना पैसे घेऊन राहायला द्यायच्या घराला नोंदणी लागते.

हॉटेलवाले धुतल्या तांदळासारखे असतात असं नाही. ओव्हरबुकिंग, म्हणजे खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेणं, होतंच. मात्र एक खोली गेली तर दुसरी निघते, नाहीतर शेजारच्या हॉटेलात सोय लावून देता येते. घराच्या मालकाकडे दुसरं घर नसतं. साइटवरून बुक केलं असेल तर दोन दिवस आधी रिसेप्शनला फोन करून हॉटेलचा स्वतःचा कन्फर्मेशन नंबर घ्या. साइटचा नंबर सांगून ‘आमच्याकडे काही दिसत नाही’ हे उत्तर लहान हॉटेलांत सर्रास मिळतं. ‘पे ॲट हॉटेल’मध्ये धोका जास्त, कारण हॉटेलच्या हातात पैसा आलेला नसतो.

दापोली, गुहागर, तारकर्लीकडची घरगुती सोय बहुतेक फोनवरच ठरते. तिथे मध्ये कंपनी नसते, त्यामुळे ॲडव्हान्स पाठवण्याआधी तारखा, खोल्या, एसी, जेवणाचा दर आणि ‘तुमच्याकडून रद्द झालं तर पूर्ण परत’ हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. यूपीआयवर दिसणारं नाव बोलणाऱ्याचंच आहे ना, तेही बघा.

सीझनला घरच हवं असेल तर त्याच भागात फ्री कॅन्सलेशनची हॉटेलची खोलीही धरून ठेवायची. तिची मुदत कधी २४, कधी ७२ तास आधीची असते, आणि ती सहसा हॉटेलच्या स्थानिक वेळेप्रमाणे. दुबई-लंडनहून बुक करणाऱ्यांनी अलार्म भारतीय वेळेचा लावावा. मुदतीच्या आदल्या दिवशी होस्टकडून चावी कोण देणार, केअरटेकरचा नंबर आणि लोकेशन मागवा. तिन्ही आलं की खोली सोडा. टाळाटाळ झाली तर खोली सोडू नका.