क्लेम चांगला दिला, पण रिन्युअलला गाठलं

आई-बाबांची १० लाखांची फॅमिली फ्लोटर हेल्थ इन्शुरन्स पॉलिसी आहे (दोघांत मिळून एकच कव्हर), नाशिकमध्येच घेतलेली. कंपनीचं नाव टाकत नाही कारण एजंट आमच्याच बिल्डिंगमधला आहे, आणि बाकीच्यांकडे पण हीच रड ऐकतोय.

आधी चांगलं सांगतो. बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा कॅशलेसचं, म्हणजे कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला भरायचं, अप्रूव्हल तासाभरात आलं. २०२४ पासून नियमच आहे तसा, प्री-ऑथ म्हणजे आधीची मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जचं ३ तासांत. डिस्चार्जला मात्र सकाळची संध्याकाळ झाली, कंपनी म्हणते हॉस्पिटलने बिल उशिरा पाठवलं, हॉस्पिटल म्हणतं टीपीए (कंपनीतर्फे क्लेम बघणारी एजन्सी) फोन उचलत नाही. ग्लोव्हज, मास्क वगैरे खिशातून गेलं. रूम रेंटला लिमिट नव्हतं म्हणून वाचलो, नाहीतर रूम महाग घेतली की डॉक्टरची फी पण त्याच प्रमाणात कापतात, घेताना हे आधी बघा बाकी सगळं नंतर.

मधेच कंपनीकडून एक पोरगा आला चौकशीला. आधारचा फोटो, बेडवर सलाईन लावलेल्या बाबांचा फोटो, केस पेपर चाळले आणि विचारतो, "काका, बीपीची गोळी नक्की कधीपासून?" बाबा जाम भडकले, मी काय चोर आहे का म्हणून. नंतर खाली चहा पिताना तो सांगत होता की कधी कधी बेडवर पेशंटच नसतो, नुसती फाईल अॅडमिट असते. पण खरा त्रास साध्या तापाचा. ओपीडी म्हणजे अॅडमिट न होता घेतलेले उपचार कव्हर नाहीत, म्हणून क्लेम बसावा यासाठी नुसतं रक्त तपासायला २४ तास अॅडमिट. आता खोटं कशाला बोलू, आमच्या नात्यात पण हे झालंय, वर "इतकी वर्षं भरतोय, वसूल नको का करायला?" आणि रिसेप्शनवाले तरी काय, रेट सांगायच्या आधी विचारतात कॅशलेस आहे का.

हे सगळं शेवटी येतं रिन्युअलला. आधी बेस प्रीमियम २४ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८,३२०. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी गेला, म्हटलं चला ४ हजार वाचले, तर नोटीस आली ३० हजारांची. एजंट म्हणतो "दादा, १७००च तर वाढलेत". अरे बेस २५ टक्क्यांनी वाढलाय ना! वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढवायचं नाही हा नियम ६० च्या पुढच्यांना, बाबा ५८ चे. कारण विचारलं तर मेडिकल इन्फ्लेशन आणि फ्रॉड. मान्य, पण मग खोटं बिल लावणाऱ्या हॉस्पिटलला कॅशलेसच्या लिस्टमधून काढा की, माझ्या बापाचे फोटो काय काढता. आणि या दरवाढीला वैतागून माझ्या धडधाकट मित्राने पॉलिसीच सोडली, असे निरोगी गेले की मागे आजारी जास्त उरणार, क्लेमचं प्रमाण वाढणार आणि परत प्रीमियम वाढणार, हे त्यांना कळत नसेल असं नाही.

पोर्ट करायचा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्यायचा विचार होता. वेटिंग पीरियडचं (जुन्या आजारांना कव्हर मिळेपर्यंत थांबायचा काळ) क्रेडिट मिळतं पण रिन्युअलच्या ४५ दिवस आधी अर्ज लागतो, आणि बीपी आणि हे ऑपरेशन बघून नवी कंपनी नाही पण म्हणू शकते. म्हणून यावर्षी गपगुमान भरले. क्लेमला ४ स्टार, रिन्युअलला १.