बातमीत ‘सेड’ की ‘क्लेम्ड’?

इंग्रजी बातमीत ‘सेड’ (said, म्हणजे म्हणाला) दर दोन वाक्यांनी येतं. नव्या बातमीदाराला त्याचा कंटाळा येतो आणि बदल म्हणून तो ‘क्लेम्ड’ (claimed, म्हणजे दावा केला) घालतो. घोळ तिथेच होतो.

‘सेड’ कुणाचीच बाजू घेत नाही. अमुक माणूस अमुक बोलला, एवढंच ते सांगतं. शिवाय वाचकाची नजर त्यावर अडत नाही, त्यामुळे दहा वेळा आलं तरी खुपत नाही. ‘क्लेम्ड’मध्ये मात्र ‘म्हणतोय खरा, पण...’ असा सूर असतो. कंपनीने कुणी जखमी नाही असं ‘सेड’, तर ती माहिती. तेच ‘क्लेम्ड’, तर कंपनी काहीतरी लपवतेय असं वाटतं.

खरी गंमत दोन्ही एकाच बातमीत आले की दिसते. पोलिसांनी ‘सेड’ की जमावाने दगडफेक केली, आंदोलकांनी ‘क्लेम्ड’ की आधी लाठीमार झाला. पुरावा दोघांकडेही नाही, पण निकाल क्रियापदानेच देऊन टाकला! संपादकाने लाल पेन चालवावं ते इथे.

मग ‘क्लेम्ड’ कधीच नको? तसंही नाही. सभेला लाखभर लोक होते असं नेता सांगतो आणि मैदानात तेवढी जागाच नाही, तिथे ते चपखल बसतं. मात्र मैदानाची क्षमता लगेच पुढच्या वाक्यात द्यायला हवी. नुसतं क्रियापद वापरून संशय पेरणं मला तरी आळशीपणाचं वाटतं.

मथळ्यात ‘सेज’ (says) येतं, वर्तमानकाळात, नियम तोच. पुरात बळी गेले याअर्थी येणारं ‘क्लेम्ड’ वेगळं, त्यात संशय नसतो.