कॅलिफोर्नियाचा उठावाचा नकाशा: वर्षभराच्या वापरानंतर

औसा तालुक्यातील आमच्या शाळेसाठी गेल्या जूनमध्ये लातूरच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून कॅलिफोर्नियाचा उठावाचा नकाशा (डोंगर-दऱ्या हाताला लागतील असा उंचसखल प्लास्टिकचा नकाशा) आणि सोबतची मराठी माहितीपुस्तिका असा संच मी 2,600 रुपयांना घेतला. अमेरिकेतील एका राज्यासाठी एवढे पैसे कशाला, असे सहकाऱ्यांनी विचारले होते. मात्र पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगरांनी पाऊस अडवल्यामुळे पलीकडे कोरड्या राहणाऱ्या भागाचा, धडा या नकाशाने जसा समजावला, तसा तो मला फळ्यावर कधीच समजावता आला नव्हता.

नववीतल्या एका मुलीने डोळे मिटून पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे बोट फिरवले. किनाऱ्यालगतचे डोंगर, मग सुमारे 700 किलोमीटर लांबीचे सपाट मध्यवर्ती खोरे, मग सिएरा नेवाडाचा लांबलचक चढ, आणि शिखररेषा ओलांडताच बोट एकदम खाली घसरले. "सर, इकडं पाऊस येत नसणार," ती म्हणाली. तिचे बोट डेथ व्हॅली या वाळवंटी दरीच्या दिशेने निघाले होते. सिएरा नेवाडातील 4,421 मीटर उंचीचे माउंट व्हिटनी शिखर आणि समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली असलेले डेथ व्हॅलीतील बॅडवॉटर यांच्यात जेमतेम 140 किलोमीटरचे अंतर आहे. सह्याद्रीपलीकडच्या आपल्या कोरड्या पट्ट्याचे कारणही तेच आहे. फरक इतकाच, की तिकडे पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. नकाशात उंची मुद्दाम वाढवून दाखवलेली आहे, हे मात्र मुलांना आधी सांगावे लागते.

सॅन अँड्रियास भ्रंशाची (भूकवचातील मोठ्या भेगेची) सुमारे 1,200 किलोमीटरची लाल रेघ ठळक छापली आहे. 18 एप्रिल 1906 रोजी सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त करणारा भूकंप याच भ्रंशावर झाला. आमच्या मुलांच्या घरांत 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट अजून बोलली जाते. त्यामुळे तो भ्रंश दोन भूपट्टांच्या (भूकवचाच्या प्रचंड तुकड्यांच्या) सीमेवर आहे आणि किल्लारी भूपट्टाच्या आत, हा भेद त्यांनी फार लक्ष देऊन ऐकला.

पुस्तिकेने मात्र निराशा केली. तीत कॅलिफोर्निया 1848 मध्ये राज्य झाले असे छापले आहे, आणि ही चूक साधी नाही. 24 जानेवारी 1848 रोजी कोलोमा येथे जेम्स मार्शल यांना सोने सापडले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी झालेल्या तहाने मेक्सिकोने हा प्रदेश अमेरिकेला दिला. सोन्यासाठी माणसांचे लोंढे आले आणि 9 सप्टेंबर 1850 रोजी ते 31 वे राज्य झाले. सारे एका सालात कोंबले की हा क्रमच हरवतो. 1769 पासून स्पॅनिश धर्मप्रसारकांनी उभारलेल्या 21 ठाण्यांना दोन पाने दिली आहेत, पण त्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे राहणाऱ्या आणि सोन्याच्या त्या वर्षांत अतोनात हाल व संहार सोसलेल्या मूळ रहिवाशांना एकच ओळ, याचे मला मनापासून वाईट वाटले.

पाण्याबद्दल तर काहीच नाही. मध्यवर्ती खोऱ्याच्या दक्षिण भागात भूजलाच्या उपशामुळे मेंडोटाजवळची जमीन 1925 ते 1977 या काळात जवळपास 9 मीटर खचली. दरवर्षी बोअर आणखी खोल नेणाऱ्या आपल्या गावांतील मुलांसाठी हे पान सर्वांत आधी हवे होते.

दुकानदारांना चूक दाखवल्यावर त्यांनी ती प्रकाशकांना कळवण्याचे मान्य केले. तोपर्यंत नकाशा जरूर घ्यावा, पुस्तिकेत 1850 हाताने लिहून घ्यावे, आणि नकाशा उन्हाच्या भिंतीवर लावू नये. एप्रिलमध्ये आमच्या नकाशाचे प्लास्टिक मऊ पडून किनाऱ्यालगतचे डोंगर थोडे दबले आहेत.