उल्हासनगर ते सक्खर : एका यात्रासेवेचे परीक्षण

माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधले. सासूबाई मूळच्या सक्खरच्या. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळल्यानंतर त्यांच्या घरच्यांनी सिंध सोडले. सक्खरहून रेल्वेने कराची, कराचीहून बोटीने मुंबईची गोदी आणि तिथून कल्याणजवळची रिकामी झालेली लष्करी छावणी, असा तो प्रवास झाला तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्या छावणीला गव्हर्नर जनरल राजाजींनी ऑगस्ट १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव दिले, पण आमच्या घरात 'कॅम्प' हाच शब्द अजून चालतो. जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्या पुन्हा सिंधमध्ये जाऊन आल्या आणि सोबतीला मी होते. ज्या मंडळामार्फत आम्ही गेलो त्याची सेवा कशी आहे, असे नात्यातल्या आणि बाहेरच्या पुष्कळ जणांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मंडळ लहान आहे आणि बहुतेक कार्यकर्ते बिनपगारी राबतात, त्यामुळे नाव देत नाही.

ही पर्यटनाची सहल नव्हे, हे आधी नीट समजून घ्यावे. भारत आणि पाकिस्तान यांच्यात सप्टेंबर १९७४ मध्ये तीर्थयात्रांविषयी एक करार झाला आणि दोन्हीकडच्या ठरावीक धर्मस्थळांना गटाने जाण्याची सोय त्यातून निर्माण झाली. सिंधमधले हयात पिताफी येथील शदाणी दरबार त्या यादीत आहे. तिथे संत शदारामांच्या जयंतीसाठी भारतातून जथा जातो आणि आमच्या मंडळाची माणसे त्याच जथ्यात सामील होतात. पाकिस्तानी उच्चायुक्तालयाने या उत्सवासाठी २०२२ मध्ये १०० आणि २०२३ मध्ये १०४ व्हिसा दिले. म्हणजे संपूर्ण देशातून एका मोठ्या लग्नाच्या वऱ्हाडाएवढीदेखील माणसे जात नाहीत. व्हिसा गटाचा आणि ठरलेल्या ठिकाणांपुरताच असतो. गटाबाहेर पाऊल टाकता येत नाही. दर्शनासाठी तुम्हाला जाऊ देतात. आजोबांच्या घराची ओसरी शोधायला नव्हे. आणि खरे सांगायचे तर आमच्या गटातले निम्म्याहून अधिक लोक ओसरीसाठीच आले होते. सेवेचे मोल मी याच कसोटीवर लावणार आहे.

फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचा एकेक तुकडा तरी भारतात राहिला. सिंध अख्खा पलीकडे गेला. सिंधी भाषेला १० एप्रिल १९६७ रोजी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली, पण भाषेला राज्य नाही, आणि सुटीत 'गावी' जायचे म्हटले तर गाव नाही. गावाचे काम मग पंचायतींनी केले. शिकारपूरवाले, लाडकाण्यावाले, साहितीवाले अशा मूळ मुलखाच्या ओळखीवर माणसे एकमेकांना धरून राहिली. लग्ने जुळवायला आणि भांडणे मिटवायला उभे राहिलेले हेच जाळे आज यात्रेचे अर्ज भरून घेण्याच्या कामी येते.

मंडळाच्या कामातला सर्वांत चांगला भाग निघण्यापूर्वीच घडतो. साधारण दीड महिना आधी त्यांनी सर्व ज्येष्ठांना एका सभागृहात बोलावले. आमची कल्पना अशी की सूचना देतील, पैसे मागतील, चहा पाजतील. ते सर्व झालेच. पण त्यानंतर दोन कॉलेजच्या मुली लांब, लेजरसारखी कापडी पुठ्ठ्याची एक वही घेऊन प्रत्येकाजवळ येऊन बसल्या. मूळ गाव, मोहल्ला, नुख, म्हणजे आपल्याकडच्या कुळासारखे, वडिलांचा धंदा, घराजवळची खूण, आणि 'काय पाहायचे आहे' असे रकाने होते. ज्यांना यायचे नव्हते किंवा येणे शक्य नव्हते त्यांच्याही नोंदी घेतल्या होत्या. एका आजोबांना केवळ रोहडी स्टेशनच्या पाटीचा फोटो हवा होता. सासूबाईंनी खूण सांगितली ती मीर मासूमच्या मनोऱ्याची : 'मनोऱ्याची सावली संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायची.' मुलीने ते जसेच्या तसे लिहून घेतले आणि मनोरा आजही उभा आहे, चौऱ्याऐंशी फूट उंच, असे फोन पाहून त्यांना सांगितले. सासूबाईंना उंचीशी कर्तव्य नव्हते. त्यांनी विचारले, 'आणि गल्ली?'

कागदपत्रांची बाजू मंडळाने उत्तम सांभाळली. जन्मस्थळाच्या रकान्यात काय लिहावे, फोटोची पार्श्वभूमी कशी असावी, पासपोर्ट किती आठवडे हातात नसेल, हे सर्व आधी सांगितले आणि तसेच झाले. पुढची तक्रार मंडळाच्या विरोधात कमी आणि कल्याण-अमृतसर प्रवास ज्या एजंटाकडे सोपवला होता त्याच्या विरोधात अधिक आहे. खालचे बर्थ मिळतील असे कबूल करून त्याने शहाऐंशी वर्षांच्या बाईला वरचा बर्थ दिला, अमृतसरच्या मुक्कामात दुसऱ्या मजल्यावरची खोली दिली, आणि 'इतर खर्च' या नावाखाली माणशी सहा हजार रुपये ऐनवेळी मागितले. पावती मागितली तेव्हा त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी सीमेवरची चौकीच उभारली आहे. मंडळाने पुढे त्यातील काही रक्कम परत मिळवून दिली, पण मुळात असा माणूस निवडला कोणी, हा प्रश्न उरतोच.

अटारीला सामान तपासून, शिक्के घेऊन, रेषा ओलांडून वाघ्याच्या बाजूला गेलो. तिथे धर्मस्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या मतरूका वक्फ बोर्डाचे लोक हार घेऊन उभे होते. नकाशा पाहिला तर सिंध राजस्थानच्या कुशीत आहे. मुनाबाव-खोखरापार मार्गाने २००६ पासून थर एक्स्प्रेस धावत होती, ती ऑगस्ट २०१९ मध्ये थांबली. म्हणून उल्हासनगरच्या माणसाने आधी उत्तरेला पंजाबात जायचे आणि मग लाहोरहून रात्रभर, खरे तर रात्रीहून अधिक, बसने दक्षिणेला यायचे. पोलिसांची गाडी पुढे, एक मागे. या टप्प्यावर मंडळाने एक गोष्ट विचारात घेतलेली नव्हती : वृद्ध स्त्रियांना दर दोन तासांनी थांबावे लागते, आणि बंदोबस्तातला ताफा स्त्रियांच्या सोयीने थांबत नाही. ही विनंती आधीच लेखी करायला हवी. मागच्या यात्रांचा अनुभव असताना ती झालेली नव्हती, याचे मला आश्चर्य वाटते.

हयात पिताफीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथे सर्व काही चोख होते. संत शदाराम १७०८ मध्ये लाहोरला जन्मले आणि १७८६ मध्ये त्यांनी हे दरबार स्थापन केले. उत्सवाला सिंधभरातून हिंदू कुटुंबे येतात. राहण्याची सोय तळमजल्यावर होती, पाणी गरम होते, लंगरात साई भाजी आणि भात होता, आणि वाढणाऱ्या बायका प्रत्येकीला 'अदी', म्हणजे ताई, अशी हाक मारत होत्या. एका ताईने मला सिंधीत काही विचारले. मी उल्हासनगरी सिंधीत अडखळत उत्तर दिले, तर ती चारचौघींना बोलावून आणून मला पुन्हा तेच बोलायला लावू लागली. साताऱ्याच्या सुनेचे सिंधी ऐकायला सिंधमध्ये गर्दी जमली, हे माझ्या आईला अजून खरे वाटत नाही.

सक्खरला साधबेलो हे सिंधूच्या पात्रातले बेट आहे. १८२३ मध्ये बाबा बनखंडी या साधूंनी तिथे आपले ठाणे केले. नावेतून जावे लागते. संगमरवरात कोरलेले स्वर्ग-नरकाचे देखावे पाहून सासूबाई म्हणाल्या की लहानपणी नरकाच्या बाजूला त्या डोळे मिटून घेत असत. नावेतून १८८९ चा लॅन्सडाउन पूल दिसतो. त्याच शहरात १९३२ मध्ये पुरे झालेले, मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्या नावाने ओळखले गेलेले धरण आहे. मुंबईचे, कारण १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. सासूबाईंचे वडील मुंबई इलाख्यात जन्मले आणि निर्वासित होऊन मुंबई इलाख्यात आले, हा हिशेब मला नावेत बसल्या-बसल्या सुचला. त्यांना सांगितला तेव्हा त्या हसल्या नाहीत.

आता चाळीस मिनिटांविषयी. सक्खरमध्ये गटाला बाजारात उतरवण्याची परवानगी कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. मंडळाच्या प्रमुख कार्यकर्त्यांनी सोबतच्या पोलीस अधिकाऱ्यापुढे ती वही उघडून ठेवली, सक्खरच्या सात नोंदी वाचून दाखवल्या, आणि त्याने मुख्य बाजारात चाळीस मिनिटे दिली. गल्ल्यांत शिरायचे नाही, ही अट होती. मनोरा बसमधून दिसला. त्याच्या पायथ्याशी थांबता आले नाही. गल्ली पाहायची राहिली.

बाजारात जे घडले ते असे. माझ्या घरात सासूबाई निरक्षर समजल्या जातात. सक्खरला त्यांची तिसरी झाली होती, तीही अरबी लिपीतल्या सिंधीत. पुढे छावणीत शाळा सुटली, आणि मराठी, हिंदी, इंग्रजी यांतली एकही पाटी त्यांना वाचता येत नाही. दवाखान्यात, बँकेत, स्टेशनवर त्यांचे डोळे मी. सक्खरच्या बाजारात मला एक अक्षर लागेना आणि त्या बोट लावून, मुलीसारखे सुटे-सुटे करत, पाट्या वाचू लागल्या : कापडवाला, घड्याळजी, औषधे, पुन्हा कापडवाला. चाळीसपैकी पंधरा मिनिटे त्यांनी केवळ वाचण्यात घालवली. मी घाई केली, तर माझा हात झटकून म्हणाल्या, 'थांब, पुढची वाचू दे.'

मग त्या खारकेच्या दुकानाशी थांबल्या. सक्खरची खारीक पूर्वी वाघ्यामार्गे आपल्या बाजारांत येत असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क लागल्यापासून आमच्याकडे ती दुर्मीळ झाली. दुकानदाराने 'अमां, भली करे आया' असे स्वागत केले. फाळणीनंतर गेलेल्या पाहुण्यांकडून दुकानदार पैसे घेत नाहीत, अशा पुष्कळ कथा आपण ऐकतो. याने घेतले. भाव सांगितला, सासूबाईंनी तो पाडायला सुरुवात केली, त्याने मान हलवली, त्या उठून दोन पावले गेल्या, त्याने हाक मारली, आणि अर्धा किलोवर तडजोड झाली. तो हसून मला म्हणाला की अशी सिंधी त्याची आजी बोलत असे. इतक्या वर्षांत उल्हासनगरच्या कुठल्या दुकानात त्यांना मी इतके हुशारीने घासाघीस करताना पाहिले नव्हते. भाषा आपली असली की माणूस भावातसुद्धा वरचढ होतो.

हे मंडळाच्या बाजूने सर्वांत मोठे माप आहे. पण याच ठिकाणी माझी मोठी तक्रारही आहे. चाळीस मिनिटे का, दोन तास का नाहीत? त्या दिवशी सकाळी आमच्याच मंडळाने घडवून आणलेल्या सत्कारात दीड तास गेला. शाली, मग शालींना उत्तर म्हणून शाली, आठ भाषणे, आणि सिंधू संस्कृतीची थोरवी पाच हजार वर्षांपासून. महाराष्ट्रात राहून आमच्या सिंधी मंडळींनी जे काही उचलले त्यात सत्काराचे हे व्यसन मोडते. वही इतक्या आस्थेने भरून घेणाऱ्यांनी वेळापत्रकही तिच्यावरूनच आखायला हवे होते. सातपैकी तीन जणांना त्यांच्या नोंदीतली एकही गोष्ट पाहता आली नाही, आणि त्यांतले एक गृहस्थ परतीच्या बसमध्ये लाहोरपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

कोणी जावे? ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी सोबत धडधाकट माणूस असल्याशिवाय जाऊ नये. स्वतःचे घर पाहायला मिळेलच अशा आशेनेही जाऊ नये. औषधे पूर्ण मुदतीची आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. आपल्या फोनची सिम तिकडे चालत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. तरुणांनी जरूर जावे, पण अरबी लिपी निदान ओळखण्यापुरती शिकून जावे. भारतात सिंधी देवनागरीतही लिहिली जाते आणि मुलांना तीच सोपी पडते. तिकडे मात्र तिचा उपयोग शून्य. मंडळाचे रविवारचे वर्ग देवनागरीतून चालतात. ते तसे का, याचे उत्तर मला कोणी दिले नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि अटारीची वाट बंद झाली. त्यामुळे हे परीक्षण वाचून लगेच नाव नोंदवायला कोणी धावू नये. मंडळाचे काम मात्र थांबलेले नाही. नव्या नोंदी घेणे चालू आहे, आणि आधीच्या यात्रेकरूंकडून वहीतला शेवटचा, रिकामा ठेवलेला रकाना भरून घेतला जात आहे : 'काय सापडले'. ती कॉलेजची मुलगी वही घेऊन आमच्या घरी आली तेव्हा सासूबाईंनी पेन स्वतःकडे घेतले. घरापुढे 'नाही' लिहिले, गल्लीपुढे 'नाही' लिहिले, आणि त्याखाली उजवीकडून डावीकडे, अक्षर अक्षर जुळवत, एक लांब ओळ. मुलीला ती लिपी येत नव्हती, मलाही नाही. काय लिहिले म्हणून विचारले, तर खारकेचा भाव लिहिला होता, आणि तो त्या मेल्याने जास्तच लावला, असेही.