बाळंतपणानंतरची तलफ: सिगारेट की व्हेप?

नऊ महिने सिगारेटला हात न लावलेली बाई बाळ झाल्यावर पुन्हा ओढू लागते, यात नवल नाही. पोटातल्या बाळाचा धाक संपलेला असतो, आणि रात्री 3 वाजता दूध पाजताना झोप उडाली की जुनी तलफ जागी होते.

सिगारेट जळते. धुरातून डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगाला कारण ठरणारी 70 तरी रसायनं येतात. बाहेर जाऊन ओढली तरी केसांना, कपड्यांना चिकटलेला अंश घेऊनच आई बाळाला छातीशी धरते. घरातल्या धुराने तर तान्ह्याच्या झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका वाढतो.

व्हेप म्हणजे निकोटिनचा द्रव बॅटरीवर तापवून त्याची वाफ ओढायची ई-सिगारेट. त्यात जळत काही नाही, म्हणून हे विष बरंच कमी. पण निकोटिन आहेच, आणि ते दुधात उतरतं. शिवाय सिगारेट निदान विझते तरी. व्हेप उशाशी पडून राहतो, झुरक्यांचा हिशेब लागत नाही. त्यातला द्रव रांगत्या बाळाच्या तोंडात गेला तर विषबाधा.

माझं मत विचाराल तर सिगारेटपेक्षा व्हेप बरा. पण दोन्ही सुटलेलं असेल तर तोही कशाला? तलफ आवरेना, तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम, तेही दूध पाजून झाल्यावर. कारण रक्तातलं निकोटिन साधारण 2 तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे पुढच्या वेळी पाजेपर्यंत दुधातलंही कमी होतं.